नवरी असतानाचा फोटो

कळंबला आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, वाढदिवस ही बाहेरची कामं नवरा करतो आणि कॉम्प्युटरवरचं सगळं माझ्याकडे असतं. फोटो काढणारा तो कलाकार आणि मी आपली बसल्या जागी बटणं दाबणारी, असा गावाचा समज आहे. असू दे. भर उन्हात डोळे किलकिले करून उभे राहिलेले वऱ्हाडी नंतर माणसांत कोण आणतं, हे त्याला चांगलं माहीत आहे. चारचौघांत तो ते बोलत नाही, एवढंच.

माझं काम निवडायचं. फोटोतला जो भाग बदलायचा असेल त्याच्या कडेकडेने माऊस फिरवत न्यायचा आणि निघालो तिथे परत यायचं. मग त्या भागाभोवती एक तुटक रेघ उमटते आणि सारखी चालत राहते. आम्ही तिला मुंग्या म्हणतो. मुंग्यांच्या आतलं तेवढं रंगतं, बाहेरच्याला काही होत नाही. दिवसभर हेच केलं की संध्याकाळी भाजी घेतानासुद्धा समोरच्या बाईच्या कडा दिसायला लागतात. हिला इथून कापली असती, केसांपाशी जरा जपून, असलं काहीतरी डोक्यात चालू राहतं आणि मेथीची जुडी हातात तशीच राहते.

गिऱ्हाइकं दोनच गोष्टी मागतात. जिवंत माणसाला गोरं करा आणि मेलेल्याला कोट घाला. जन्मभर धोतरात वावरलेल्या किती म्हाताऱ्यांना मी कोट घातलेत त्याला गणती नाही, आणि त्याचं मला काही वाटतही नाही. पण कुणी मेलेल्या आईला गोरी करा म्हणालं की माझं डोकं फिरतं. तुला तुझी आई ओळखायची आहे की नाही, असं मी तोंडावर विचारते. नवरा म्हणतो, तुझ्या तोंडामुळे गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत जातं. जाईना का. मेलेल्या माणसाच्या अंगाचा रंग बदलायचा नाही, हा माझा नेम होता. भीती वगैरे मला कधी वाटली नाही. श्रद्धांजलीचे फ्लेक्स करता करता मी डबा खाते.

गेल्या लग्नसराईत मायलेकी दुकानात आल्या. आई पन्नाशी ओलांडलेली, जवळच्याच एका खेड्यातली. मुलगी पुण्यात नोकरीला, महिनाअखेर तिचं लग्न. आईने पिशवीतून ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेला एक फोटो काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"माझी आई," त्या म्हणाल्या. "नवरी असतानाची."

पोस्टकार्डाएवढा काळा-पांढरा फोटो होता. एक कोपरा कसरीने खाल्लेला. मागे पांढरी चादर ताणून धरलेली, पुढे हाताच्या लाकडी खुर्चीत एक तरुण बाई बसलेली. वीसचीही नसेल. काठापदराचं लुगडं, डोक्यावरून पदर, कपाळावर पदराची गडद सावली. हातभर बांगड्या, केसांत गजरा, मान किंचित डावीकडे कललेली आणि नजर खाली. लाजलेली नवरी जशी बसते तशी.

मुलीने मोबाईल काढून दाखवला. एका बोटात फोटो रंगवून देणारं ॲप तिने वापरून पाहिलं होतं. त्याने लुगडं विटकरी केलं होतं आणि तोंड बाहुलीसारखं गुलाबी. "मला खरे रंग हवेत मॅडम," ती म्हणाली. "हळदीच्या आदल्या दिवशी मी सेम टू सेम अशीच बसणार आहे. आजीचं लुगडं ज्या रंगाचं, त्याच रंगाचं घेणार. बांगड्या तशाच, गजरा तसाच, अशीच खुर्ची, अशीच मान. मग दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून मंडपाच्या दाराशी ठेवायचे. एकदम आजीच वाटली पाहिजे मी."

मला कल्पना आवडली. हल्ली नवऱ्या उसाच्या फडात धुराची रंगीत नळकांडी पेटवून फोटो काढतात. त्यापेक्षा हे कितीतरी बरं. मी आईला विचारलं, "लुगड्याचा रंग कुठला होता?"

"मला काय ठाव ताई? मी अंगावर पीत व्हते तवा आई गेली. मावशीला ठाव हाय. तिनंच मला वाढवलं. पुढं माझ्या वडलांनी तिलाच केली ना." म्हणजे मावशीच सावत्र आई झालेली. आमच्याकडे पूर्वी असं सर्रास व्हायचं; धाकटी बहीण दिली की लेकराची आबाळ होत नाही म्हणायचे.

"मग लावा की त्यांना फोन."

"फोनवर नगं," त्या घाईने म्हणाल्या. "तिला हितंच पाठवते. तिला फोटो दाखवा, आन् ती सांगल त्योच रंग द्या. मला इचारू नगा, पोरीला बी नगा. मावशी सांगल तसंच."

हे त्यांनी दोनदा बजावलं. मला जरा राग आला, कारण रंग विचारायला एवढा सोहळा कशाला, हे कळेना. पण हो म्हटलं.

लुगड्यासाठी मावशीची वाट बघायची होती, तरी अंगाचा रंग मला कुणाला विचारायचा नव्हता. तो करड्या रंगाच्या खालूनच कळतो. दुसऱ्या दिवशी नवरा नळदुर्गला एका लग्नाच्या ऑर्डरवर गेला होता. दुपारची वेळ, बाहेर ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. झळ लागू नये म्हणून शटर अर्धं ओढून घेतलं आणि फोटो पडद्यावर मोठा केला.

आधी हात रंगवले, मग गळा, मग तोंड. गव्हाळ, जरा सावळ्याकडे झुकणारा रंग होता तिचा. रंग बसला, पण बाई बसेना. असं होतं कधीकधी. अशा वेळी गालांना थोडा लाल द्यायचा, ओठांना द्यायचा, की माणूस जागं होतं. मी ओठांना दिला. ओठ लाल झाले, पण बाकीचं तोंड होतं तसंच. आणखी दिला. मग ते कुणीतरी दुसऱ्याने रंगवल्यासारखं दिसायला लागलं. कानाच्या पाळ्या, नखं, बोटांची पेरं, जिथे जिथे जिवंत माणसाला लाली असते तिथे तिथे मी ती भरून पाहिली. एकही जागा घेईना. मी चिडले. इतकी वर्षं हे काम करतेय आणि एक तोंड जमू नये म्हणजे काय!

मग म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे एक जादूची कांडी असते. गालावर एक टिचकी मारली की गालासारखं जे जे असेल ते सगळं ती आपणहून निवडते. मी टिचकी मारली. मुंग्या गालांवरून, नाकावरून, हनुवटीवरून फिरल्या आणि भुवयांच्या वर येऊन थांबल्या. कपाळ त्यांनी बाहेरच ठेवलं. सावली असेल म्हणून सोडलं असेल, असं वाटून मी जवळ जाऊन पाहिलं. पण सावलीची कड विरघळत जाते. ही कड एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत स्वच्छ, कुणीतरी बोटाने ओढल्यासारखी होती.

ती सावली नव्हती. कपाळाला काहीतरी फासलेलं होतं. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल रंग काळाच दिसतो, हे माझ्यासारखीला सांगायला नको. मी त्या पट्ट्याला मुंग्या लावल्या आणि आत कुंकवाचा रंग ओतला. सगळं कपाळ भरलं. मळवट होता तो.

तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही. आपल्या भागात देवीचं असलं की बायका मळवट भरतात, तुळजापूरला जाऊन आली असेल, असं मी स्वतःलाच सांगितलं. मग लक्षात आलं की नवरीला मुंडावळ्या नाहीत. बाशिंग नाही. नथ तेवढी आहे. नाकाशी एक पांढरा ठिपका होता, तो मी नथीचा मोती समजून सोडून दिला होता. आता त्याला रंग द्यायचा म्हणून मोठा केला. नथीची तार कुठे दिसेना. आणखी मोठा केला. मोत्याला चमक असते, याला बारीक तंतू होते. दुसऱ्या नाकपुडीतही तसाच एक होता, जरा आत गेलेला.

कापूस होता तो.

माऊसवरचा हात मी उचलून घेतला. मेलेली माणसं मी रोज बघते, पण ती मेलेली आहेत हे मला आधी सांगितलेलं असतं. इथे मी अर्धी दुपार एका प्रेताच्या ओठांना लाली चढवत बसले होते आणि चढत नाही म्हणून तिच्यावरच चिडत होते. नजर खाली नव्हती, डोळे मिटलेले होते. मान लाजून कललेली नव्हती. सवाष्ण गेली की तिला नवरीसारखी सजवतात, हिरवं लुगडं नेसवतात, हातभर चुडा भरतात, गजरा माळतात, मळवट भरतात. मी स्वतः माझ्या चुलत सासूला तशी पाहिली होती. तरी खुर्चीत बसवलेली बाई मला दिसली नाही, कारण नवरी म्हणून माझ्या हातात दिली होती.

मग एक शंका आली आणि ती आली नसती तर बरं झालं असतं. बसवलेलं प्रेत बसून राहत नाही. ही कशाच्या आधाराने बसली आहे? मी मागच्या चादरीचा अंधारा भाग निवडला आणि उजेड वाढवत नेला. उजव्या काखेखाली, पदराच्या चुणीत, चार बोटं दिसली. बारीक, लहान पोरीची असावीत तशी. चादरीमागून कुणीतरी तिला धरलं होतं आणि ते कुणीतरी खूप जोर लावून धरत होतं, कारण बोटांची टोकं लुगड्यात रुतली होती.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी तेरखेड्याचा फटाका उडवला. लग्नाचे दिवस, आणलेला माल पोरं उडवून बघतात. मी किंचाळले. पडदा बंद करून भिंतीकडे पाहिलं तर तिथेही ती होतीच. लाल जागी हिरवी, अंधाऱ्या जागी उजळ, खुर्चीत बसलेली. पडद्याकडे फार वेळ बघितलं की असं दिसतं, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असूनही मी शटर पूर्ण वर केलं आणि उन्हात जाऊन उभी राहिले.

डोक्यात सारखी ती मुलगी यायची. आजीसारखी मान कलवून, तसाच चुडा भरून, तशाच चादरीपुढे ती हळदीच्या आदल्या दिवशी बसणार. आणि ते मी दाखवलेल्या रंगांवरून. तिला सांगितलं तर तिच्या आईला कळणार की जन्मभर जिला नवरी म्हणून पाहिलं ती आई नव्हे, आईचं मढं होतं. न सांगितलं तर पोरगी मढ्यासारखी सजणार. मला दोन्ही नको होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आपल्याला काय करायचंय? रंग मागितलाय, रंग दे." त्याच्याकडून दुसरं काय येणार!

मावशी दोन दिवसांनी एसटीने एकटीच आली. सत्तरीला टेकलेली, काटक, पांढऱ्या केसांचा सुपारीएवढा अंबाडा. कपाळ मोकळं होतं, गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, पण काळ्या दोऱ्यात चांदीचा एक छोटा टाक होता. पहिली बायको वारली की दुसरीने तिच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा असतो. नवरा गेल्यावर बाईने मंगळसूत्र काढलं होतं, बहीण मात्र गळ्यात ठेवली होती.

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पडद्यावर फोटो उघडला. अजून लुगड्याला रंग नव्हता; अंग गव्हाळ, कपाळ लाल. ती बघत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की मला कळलंय.

"तुमाला दिसलं व्हय," ती म्हणाली.

"दिसलं, मावशी. मागचा हात पण दिसला."

"त्यो माझाच. घरात दुसरं कोण बारीक न्हवतं. मोठं माणूस चादरीमागं मावंना, म्हून मला घातली." तिने स्वतःची बोटं पाहिली. "कुणी फोटूच काढला न्हवता तिचा कवा. लेकराला आईचं तोंड तरी दिसाया पायजे म्हून आमच्या बापानं कळंबचा फोटूवाला सायकलीवर आणला. त्यो म्हणाला, हालू देऊ नगा. ती कुठली हालतीया! मीच हालत व्हते. लई जड झाली व्हती बाई. आन् गार. म्या रडले तर त्यो वरडला, फोटू हालंल म्हून. मग म्या रडणं दाबलं."

मी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

"पोरगी शाळंत जायला लागली," मावशी सांगत होती, "तर शेजारणीच्या घरात लग्नाचा फोटू बघून आली. म्हणाली, माझ्या आईचा न्हाय का? म्या हाच काढून दिला. म्हणलं, ही बघ, नवरी असतानाची. नाचली बया फोटू घेऊन. त्याच्यापुढं कसं सांगावं? आज सांगू, उद्या सांगू करत म्हातारी झाले. आन् आता नात म्हणतीया, मी अशीच बसते." तिने हात जोडले. मला ते आवडलं नाही, मी तिचे हात खाली केले. "बाई, हिरवा म्हणू नगा. पिवळं व्हतं म्हणून सांगा. हळदीचं लुगडं म्हणा. कपाळ पुसा, टिकली करा, मुंडावळ्या घाला. तुमाला सगळं येतं म्हणतात. पोरीला त्यो येश घालू देऊ नगा, आन् माझ्या लेकीला हे कळू देऊ नगा. तिला आई दुसरी न्हाय वो. एवढीच हाय, कागदावरली."

मेलेल्याचा रंग बदलायचा नाही हा माझा नेम, मी वर सांगितलाच. आजवर त्यापायी किती गिऱ्हाइकं घालवली. पण त्या बाईपुढे मला तो तोंडातून काढवेना.

"डोळे?" मी विचारलं. "डोळे उघडायचे झाले तर कुणाचे तरी घ्यावे लागतील."

"माझे घ्या," ती लगेच म्हणाली. "दोघींचे सारखेच म्हणायचे समदे."

मग मी तिला खिडकीशी स्टुलावर बसवलं, मान थोडी डावीकडे करायला लावली आणि फक्त डोळ्यांचा फोटो काढला. ती गेल्यावर कामाला बसले. मळवटाला मुंग्या लावून तो गालाच्या रंगाने पुसला आणि मधोमध एक ठसठशीत कुंकू ठेवलं. कापूस काढला. बोटं चादरीत बुडवली. लुगड्याला आधी खरं हिरवं भरलं आणि वर हळदीचं पिवळं चढवलं, मुंडावळ्या एका दुसऱ्या नवरीच्या घेतल्या. प्रत्येक बदलाचा वेगळा थर असतो, तो बंद केला की खालचं जसंच्या तसं दिसतं. शेवटी मावशीच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या एकेक करून निवडल्या, पुसल्या आणि ते डोळे बहिणीच्या मिटलेल्या पापण्यांवर ठेवले.

ते बसले. इतके अचूक बसले की मी खुर्ची मागे सरकवली. रंग घ्यायला तयार नसलेलं ते तोंड आता सरळ माझ्याकडे बघत होतं, आणि बघणारी म्हातारी त्याच्या आत कुठेतरी होती. सुंदर दिसत होती नवरी. मला तिच्याकडे फार वेळ बघवेना.

फोटो न्यायला आई एकटीच आली. मुलगी पार्लरला गेली होती. मी पडद्यावर पिवळी नवरी उघडली आणि बाजूला सरकले. बाई कितीतरी वेळ बघत उभ्या होत्या. पंख्याने त्यांचा पदर उडत होता तो त्यांनी सावरला नाही.

"मावशीनं पिवळा सांगितला?"

"हो."

"बरं झालं." त्यांनी सुस्कारा सोडला. "डोळे मावशीचे हायेत."

मी मान खाली घातली.

"ताई, ह्याच्या खालचा ठेवलाय का? मळवटाचा?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, शांतपणे, बाजारात भाव विचारावा तशा.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आमच्या शेजारची सून बाळंतपणात गेली, तवा मी परकर-पोलक्यात व्हते. बायांनी तिला सजवली, मी दारातनं बघितलं. नाकात कापूस घातला. तवर मी त्याला नथच समजत व्हते ना, आईच्या फोटूतल्या. पळत घरी आले आन् फोटू काढून बघितला. मावशी चुलीपुढं व्हती. म्हणाली, काय बघतीस गं? म्हणलं, आई बघते. तवापसनं आजपतूर त्येवढंच."

"मग मला का नाही सांगितलं?" मी भडकलेच. "मी अर्धी दुपार तिच्या ओठांना रंग देत बसले होते! पोरीला तरी थांबवायचं."

"काय सांगून थांबवू? पोरीला सांगितलं की ती मावशीला इचारणार. म्हातारीला कळंल की मला ठाव हाय. एवढी वर्सं तिनं ते माझ्यापासनं झाकून धरलंय. आता हात सोडायला लावू व्हय? म्हून म्हणलं, तिलाच पाठवावं. ती पिवळाच सांगणार, हे मला ठाव व्हतं. आता पोरगी बी पिवळंच नेसंल." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "दाखवा की. एकडाव नीट बघू द्या. घरात निवांत कवा बघायला गावला न्हाय."

मी एकेक थर बंद करत गेले. मुंडावळ्या गेल्या. पिवळं गेलं आणि खाली मी तेव्हा भरून ठेवलेलं हिरवं लुगडं आलं. कुंकवाची टिकली गेली, कपाळ भरलं. शेवटी डोळे गेले आणि पापण्या मिटल्या. दुपारच्या उजेडात, रस्त्यावर टमटमचे हॉर्न वाजत असताना, ती आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसली. लेक पन्नाशीची आणि आई विशीच्या आतली. लेकीने वाकून पडद्यावरच्या कपाळाला हात लावला आणि मग तोच हात आपल्या मंगळसूत्राला लावला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंड मात्र हसत होतं. मला इतकी भीती त्या दिवशी शटर ओढून बसले होते तेव्हाही वाटली नव्हती, आणि इतकी माया पण नाही.

"लई लहान व्हती वो," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीपेक्षा लहान."

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. पिवळा फोटो मोठा करून फ्रेम करा, हिरवा तसाच राहू द्या, कुणाला दाखवू नका, असं सांगितलं. मी प्रिंट लावली. त्या जायला निघाल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"ताई, माझा बी एक काढून ठिवा."

"लग्नात काढतीलच की. मंडपात चांगला येईल."

"मंडपात कुणाला सवड? आत्ताच काढा. रंगीत. माझ्या मागं पोरीला कुणापाशी रंग इचारत फिरायला नगं."

मी कॅमेरा घेतला. त्या स्टुलावर बसल्या, पदर सारखा केला, कुंकू आरशात बघून नीट केलं आणि डोळे केवढे तरी मोठे करून माझ्याकडे पाहिलं. चेहरा पार घाबरल्यासारखा दिसायला लागला.

"एवढे ताणू नका डोळे," मी म्हटलं. "फोटो वाईट येईल."

"येऊ द्या," त्या म्हणाल्या. "उघडे दिसले म्हंजी झालं."